कालव्याच्या वाटेवरचं कुलूप

पाटबंधारे खात्याच्या कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर, उत्तरेकडच्या खिडकीशी एक बाई बसायच्या. त्यांचं काम आरेखकाचं. जुना नकाशा खाली, त्यावर पातळ ट्रेसिंगचा कागद, आणि त्यावर काळ्या शाईनं रेघा. कालवा, चाऱ्या, मोऱ्या, दरवाजे. पस्तीस वर्षं त्यांनी हेच केलं. एका नव्या शिपायानं त्यांना ‘रेघबाई’ म्हटलं आणि ते नाव असं चिकटलं, की हजेरीपटावरचं खरं नाव कुणी मोठ्यानं वाचलं तर त्या स्वतःच मान वळवून बघायच्या, कोण बाई आली म्हणून.

नाव शोभण्यासारखंच होतं. चहात साखर घालतानासुद्धा चमच्यावरून बोट फिरवून तो सपाट करणारी बाई. कचेरीतली पेन्सिल चुकून पर्समध्ये घरी आली तर रात्रभर तिला घोर, आणि सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन ती जागेवर ठेवणार. लग्न केलं नाही. आईवडील लवकर गेले, तेव्हा धाकटा भाऊ शाळेत होता. त्याला वाढवलं, शिकवलं, नोकरीला लागलेलं पाहिलं, त्याचं लग्न लावलं. भाऊ आणि भावजय वरच्या मजल्यावर, रेघबाई खाली.

भाऊ वीज कंपनीत मीटर वाचायच्या कामावर होता. आठवडाभर लोकांच्या जिन्याखाली वाकून आकडे टिपायचे आणि रविवार उजाडला की सायकल काढायची. सायकल साधी नव्हती. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखं खाली वळलेलं, टायर मात्र जाड, खाचांचे, खडीवरून आणि मुरमावरून न घसरणारे. ग्रॅव्हल बाइक म्हणतात तिला. डांबरावर त्याला रस नव्हता. माळावरच्या गाडीवाटा, खाणीकडचे सोडून दिलेले रस्ते, शेतांच्या कडेच्या वाटा, तिथं तो दिवस दिवस असायचा. पण तिथवर पोचायला आधी नऊ किलोमीटर महामार्गावरून जावं लागायचं.

त्या नऊ किलोमीटरांतल्या सहाव्यावर, सकाळी सव्वासातला, एका मालट्रकनं दुसऱ्या मालट्रकला मागं टाकताना त्याला उडवलं. तो एकोणतीस वर्षांचा होता. रेघबाई चव्वेचाळीस.

पोलीस ठाण्यातून सायकल तीन महिन्यांनी परत मिळाली. मागचं चाक दुमडून त्याचा आठाचा आकडा झाला होता. बाकी फारसं काही नाही. रेघबाईंनी ती खांद्याला लावून बाजारामागच्या गल्लीतल्या सायकल दुकानात नेली. दुकानदाराला सगळे मास्तर म्हणायचे, कारण गावातल्या अर्ध्या लोकांना त्यांनी सायकल शिकवली होती आणि उरलेल्या अर्ध्यांना शिकवताना शिव्या घातल्या होत्या. भाऊ त्यांचं नेहमीचं गिऱ्हाईक. सायकल ओळखून मास्तरांनी हातातला पाना खाली ठेवला.

“विकायचीय का, बाई?”

“नाही. चालवायचीय.”

“कोण चालवणार?”

“मी.”

मास्तरांनी त्यांना एकदा खालून वर पाहिलं. “उंची कमी पडेल.”

“मग सीट खाली करा.”

“सीट खाली केल्यानं माणूस उंच होत नाही,” मास्तर म्हणाले, “पण करतो.”

आतून मास्तरीणबाई आल्या. दुकानातली चाकं त्याच सरळ करायच्या. चाक फिरवत ठेवून नुसत्या कानानं ऐकायच्या आणि नेमकी ढिली तार धरून पिळायच्या. मास्तरांना ते कधी जमलं नाही, आणि ते तसं सांगायचेही. मास्तरीणबाईंनी ते दुमडलेलं चाक पाहिलं, काढून घेतलं आणि त्याच तुंब्यावर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, नवी रिम बांधून दिली.

भावजयीला मात्र हे सोसलं नाही. “ताई, तीच सायकल? ती दारात दिसली की मला जिना उतरवत नाही.” तेव्हापासून सायकल घरी आली नाही. ती मास्तरांच्या दुकानातच राहायची, मागच्या भिंतीला टांगलेली. वर्षभरानं भावजय माहेरी गेली आणि तिकडेच नोकरीला लागली. रेघबाईंनी तिला अडवलं नाही.

आता वाटेची गोष्ट.

भाऊ गेला त्या हिवाळ्यात कचेरीत नकाशाचा एक जुना पट पुन्हा काढायचा होता. शहराच्या टोकापासून धरणापर्यंतचा उजवा कालवा. कालव्याच्या भरावावर तपासणीच्या गाडीसाठी एक मुरमाचा रस्ता असतो. तो नकाशात तुटक रेघेनं दाखवतात. रेघबाई ती तुटक रेघ ओढत होत्या. एका ठिकाणी कालवा वळला तिथं खाणीचा बंद पडलेला रूळमार्ग येऊन मिळत होता. पुढं वनखात्याची हद्दवाट. त्यापुढं पुन्हा भराव. त्यांनी पेन उचललं. एकेचाळीस किलोमीटर, आणि डांबरी रस्ता कुठंच नाही. महामार्ग यायचा तो फक्त एकदा, आणि तिथंही वाट पुलाखालून जात होती.

हा पट त्यांनी याआधी किमान वीसदा काढला होता. भाऊ दर रविवारी महामार्गावरून जात होता तेव्हाही हीच रेघ त्यांच्या हाताखालून जात होती. उचललेल्या पेनातून शाईचा थेंब कागदावर पडला. पस्तीस वर्षांतला तो एकच डाग.

पुढची सहा वर्षं त्यांनी अर्ज लिहिले. आपलं खातं, वनखातं, खाणीचे मालक, चार ग्रामपंचायती. कुणी म्हणे वाट आमची नाही, कुणी म्हणे आमचीच आहे म्हणून देणार नाही. एका अधिकाऱ्यानं विचारलं, “बाई, हे सगळं कुणासाठी?” रेघबाई म्हणाल्या, “ज्याला गाड्यांची भीती वाटते त्याच्यासाठी.” तो हसला. “भीती वाटते तर घरी बसावं.” रेघबाईंनी त्याच्या टेबलावरचा आपला अर्ज सरळ केला, कडेला कड लावून, आणि पुढच्या सोमवारी पुन्हा गेल्या.

रविवारी त्या आणि मास्तर वाटेवर असायचे. कोयता, फावडं, घमेलं, सायकलच्या मागच्या कॅरिअरला बांधलेलं. रूळमार्गावरची काटेरी झुडपं तोडली. फुटलेल्या मोरीवर दगड रचले. मास्तर साठीच्या घरात, घाम पुसत बडबडत असायचे. “तुमच्या रेघा बऱ्या हो बाई. कागदावर काटे नसतात.” दुपारी मास्तरीणबाईंनी दिलेला डबा दोघं भरावावर बसून खायचे. समोर कालव्याचं पाणी संथ जायचं. इतकी शांतता, की सायकलीची साखळी थंड होताना टिकटिकते तेही ऐकू यावं.

रेघबाई एकावन्न वर्षांच्या असताना वाट रीतसर खुली झाली. लोक येऊ लागले. आधी जाड टायरवाले, मग साध्या सायकलीवरचे, मग लेकरांना पुढं बसवून आयाबाया. खडी चरचरायची, उसाच्या कडेनं वारा यायचा, मागून कुणाचा हॉर्न नाही. रेघबाई फार वेगानं जायच्या नाहीत. पण खाणीच्या वळणानंतरच्या लांब उतारावर त्या ब्रेक सोडून द्यायच्या. मास्तर मागून ओरडायचे, “बाई, वय बघा!” आणि स्वतःही ब्रेक सोडायचे. त्या दोन वर्षांइतकं सुख रेघबाईंना पुन्हा मिळालं नाही.

मग डंपर आले. खाणीपलीकडं खडीचा नवा कारखाना निघाला होता आणि डंपरवाल्यांना महामार्गावरचा तपासणीनाका चुकवायला ही वाट सोयीची पडली. भराव खचू लागला. एके दिवशी एका बाईला लेकरासकट कालव्याच्या अंगाला उडी घ्यावी लागली. दोघं वाचली. पण रेघबाईंच्या डोळ्यांपुढं सव्वासातची सकाळ उभी राहिली. त्यांनी त्या आठवड्यातच अर्ज केला: वाटेवर तीन ठिकाणी लोखंडी फाटकं बसवावीत, बाजूनं सायकल जाईल एवढीच फट ठेवावी, आणि फाटकांना कुलूप असावं.

कुलूपही त्यांनीच पसंत केलं. कानस लागणार नाही, घणानं तुटणार नाही असं. तिन्ही कुलपांना एकच किल्ली, आणि अशा किल्ल्या दोनच: एक कचेरीत, एक पाटकऱ्याकडं, म्हणजे कालव्याचे दरवाजे वरखाली करणाऱ्या माणसाकडं.

“एक आपल्याकडं असू द्या की,” मास्तर म्हणाले. “आपण दर रविवारी वाटेवर असतो. कधी गरज पडेल सांगता येतं का?”

“नको. किल्ल्या वाढल्या की डंपरवाले एखादीची नक्कल करणार. आणि नियम मी केला म्हणून किल्ली मी ठेवायची? लोक काय म्हणतील?”

“लोक काय म्हणायचेत? म्हणतील, बाईकडं किल्ली आहे.”

“नको म्हटलं ना, मास्तर.”

मास्तरांनी खांदे उडवले. विषय संपला. फाटकं बसली, डंपर बंद झाले आणि लोकांनी रेघबाईंना दुवा दिला.

दोन वर्षं गेली. मार्चमधला एक रविवार. रेघबाई आणि मास्तर सकाळी सातला निघाले. सोळाव्या किलोमीटरच्या पुढं, जिथं कालवा एका ओढ्यावरून पुलासारखा जातो, तिथं मास्तरांनी पाय टेकला. “थोडं थांबू. पित्त झालंय बहुतेक.” ते भरावाच्या कडेला बसले. चेहरा राखेसारखा झाला होता आणि शर्ट सगळा ओला. रेघबाईंनी पाण्याची बाटली पुढं केली. ती त्यांच्या हातातून निसटली. मग ते हळूच एका कुशीवर कलंडले, झोप आल्यासारखे.

रेघबाईंनी रुग्णवाहिकेला फोन केला. आवाज न कापता जागा सांगितली. मग कचेरीतल्या प्रशिक्षणात शिकवलं होतं तसं, छातीच्या मधोमध दोन्ही तळवे ठेवून दाबायला सुरुवात केली. मोठ्यानं आकडे मोजत. मागून येणारे दोन सायकलवाले थांबले. कॉलेजमधली पोरं. तीही आळीपाळीनं छाती दाबू लागली. 

अकराव्या मिनिटाला फोन वाजला. रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर होता.

“बाई, फाटकाशी आलोय. कुलूप आहे इथं. किल्ली कुणाकडं?”

रेघबाईंना उत्तर पाठ होतं. एक कचेरीत, रविवार, कचेरी बंद. दुसरी पाटकऱ्याकडं. त्यांनी पाटकऱ्याला फोन लावला. तो धरणाच्या तोंडाशी दरवाजावर होता, चोवीस किलोमीटर दूर. “निघालो, निघालो!” तो ओरडला, पण त्याच्याकडं जुनी मोपेड होती.

“तोडा!” रेघबाई ड्रायव्हरला म्हणाल्या. “कुलूप तोडा.”

“तोडतोय, बाई! जॅकचा दांडा वाकला. हे काय तिजोरीचं बसवलंय का कुणी?”

फोनमधून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज येत होता. रेघबाई छाती दाबत होत्या आणि तो आवाज ऐकत होत्या. फाटकापासून मास्तरांपर्यंतचं अंतर त्यांना नकाशावरून माहीत होतं: दोन किलोमीटर आणि आठशे मीटर. शेवटी ड्रायव्हर आणि त्याचा मदतनीस स्ट्रेचर आणि पेटी घेऊन धावत निघाले. वाटेत एका सायकलवाल्यानं पेटी घेतली आणि पुढं पळवली. ते पोचले तेव्हा एकेचाळीस मिनिटं झाली होती. मदतनिसानं हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र लावलं, दोनदा झटका दिला, तिसऱ्यांदा दिला. मग यंत्राकडं पाहात बसला. ड्रायव्हर गुडघ्यावर हात ठेवून धापा टाकत उभा होता. त्यानं रेघबाईंची मनगटं धरून त्यांचे हात बाजूला केले. त्या अजून मोजतच होत्या.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंना रेघबाईंनी विचारलं, “गाडी वेळेत पोचली असती तर?”

“सांगता येत नाही. हृदयविकाराचा झटका मोठा होता. कदाचित तरीही…” डॉक्टरीणबाईंनी हात पसरले.

त्या ‘कदाचित तरीही’ला रेघबाईंनी दोन्ही हातांनी धरलं. पुढं कितीतरी वर्षं धरून ठेवलं.

चौकशी झाली. कागद इकडून तिकडं गेले. त्यांचे वरिष्ठ इंजिनिअर माणूस वाईट नव्हते. त्यांनी रेघबाईंना आत बोलावून दार लावलं. “तुमचं नाव कुठं येत नाही. फाटकाचा आदेश खात्याचा आहे. अर्ज ‘वाट वापरणारे नागरिक’ म्हणून केलाय. तुम्ही शांत राहा, झालं.”

“अक्षर माझं आहे, साहेब.”

“अक्षरावर कुणी चौकशी लावत नाही, बाई.”

तिसऱ्या आठवड्यात रेघबाई सायकल दुकानात गेल्या. शटर अर्धं वर होतं. मास्तरीणबाई आत स्टुलावर बसून एक चाक सरळ करत होत्या. कुणाचं तरी द्यायचं राहिलेलं काम. त्यांनी रेघबाईंकडं पाहून मान हलवली. बसायला सांगितलं नाही, पण नकोही म्हटलं नाही. रेघबाई उभ्यानंच बोलल्या. फाटकं कुणी मागितली, कुलूप कुणी निवडलं, किल्ल्या दोनच का ठेवल्या, सगळं. अर्जाची प्रत पर्समधून काढून त्यांनी गल्ल्यावर ठेवली.

चाक फिरत होतं. मास्तरीणबाईंनी ते बोटानं थांबवलं.

“यांनी किल्ली मागितली होती का? तिसरी?”

हे रेघबाईंनी सांगितलं नव्हतं. मास्तरांनी घरी बोलून दाखवलं असणार. खोटं बोलायला जागा होती. मास्तर सांगायला येणार नव्हते.

“मागितली होती.”

“मग?”

“मी नको म्हटलं.”

“का?”

“लोक काय म्हणतील म्हणून.”

मास्तरीणबाईंनी अर्जाची प्रत उचलली, वाचली नाही, फक्त अक्षराकडं पाहिलं. नीटनेटकं, वळणदार, एका रेषेत. मग ती परत ठेवली.

“तुमच्या भावाचं चाक मी बांधलं होतं,” त्या म्हणाल्या. “रडत बांधलं होतं. तुम्हाला माहीत नाही ते.” मग भिंतीकडं बोट केलं. “सायकल घेऊन जा. आणि बाई, यापुढं या दुकानात येऊ नका. मला तुमच्याशी भांडायचं नाही. मला तुम्हाला बघायचं नाही.”

रेघबाईंनी भिंतीवरची सायकल उतरवली. रस्त्यानं हातात धरून घरी आणली. त्या वर्षाअखेर मास्तरीणबाईंनी दुकान बंद केलं आणि त्या लेकीकडं, दुसऱ्या शहरात राहायला गेल्या.

इकडं लोकांचा राग फाटकांवर निघाला. एका मोर्च्यात तिन्ही फाटकं बिजागरीसकट उपटून कालव्यात टाकली. रेघबाई लांब उभ्या राहून बघत होत्या. त्यांना कुणी ओळखलं नाही. पंधरा दिवसांत डंपर परत आले. पावसाळ्यानंतरच्या एका धुक्याच्या सकाळी डंपरखाली एक मेंढपाळ आणि त्याच्या अकरा मेंढ्या सापडल्या. मेंढपाळाचा पाय गुडघ्यापासून काढावा लागला. तेव्हा ज्या ग्रामपंचायतीच्या लोकांनी फाटकं उपटली होती तेच लोक कचेरीत आले. “बाई, तुमचा हात चांगला आहे. अर्ज लिहून द्या, फाटकं पाहिजेत.”

रेघबाईंनी कागद घेतला. पेन उघडलं. हात कागदावर टेकला आणि हलेना. समोरची माणसं एकमेकांकडं बघू लागली. “उद्या या,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली आणि रुग्णवाहिकेच्या ठाण्यावर गेल्या. तोच ड्रायव्हर बाहेर बाकावर बसून बूट पुसत होता. त्यानं मान वर केली आणि त्याचा चेहरा आवळला.

“तुम्हीच ना त्या? भरावावरच्या?”

“हो. कुलूप मी बसवलं होतं.”

“मग आता काय हवंय?”

“फाटकं पुन्हा बसणार आहेत. कशी बसवायची ते तुमच्याकडून शिकायचंय.”

ड्रायव्हर बराच वेळ बूट पुसत राहिला. पुसून झालेला बूट त्यानं पुन्हा पुसला. मग म्हणाला, “किल्लीच नको. आकड्यांचं कुलूप बसवा, तिन्हीकडं एकच आकडा, आणि तो आम्हाला, पोलिसांना, इस्पितळाला माहीत पाहिजे. डंपरवाल्याला कळला की बदला. पण बदलल्यावर त्याच तासाला आम्हाला कळवा. दर अर्ध्या किलोमीटरला मोठे आकडे रंगवा. माणूस घाबरला की ‘झाडापाशी आहे’ एवढंच सांगतो. तिथं चार हजार झाडं आहेत, बाई. आणि गाडी वळवायला जागा करा. त्या दिवशी फाटक उघडलं असतं तरी मला पावणेतीन किलोमीटर उलटं यावं लागलं असतं.”

रेघबाईंनी सगळं टिपून घेतलं. अर्ज लिहिला. या वेळी खाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं.

दीड वर्षात ते काम झालं. त्यानंतर दर सहा महिन्यांनी ड्रायव्हर रिकामी रुग्णवाहिका घेऊन वाटेवर यायचा आणि रेघबाई घड्याळ घेऊन बसायच्या. निवृत्तीनंतरही हे चुकलं नाही. दर पंधरवड्याला त्या सायकलीवरून तिन्ही कुलपांना तेल द्यायला जायच्या. गुडघे गेल्यावर एसटीनं आणि मग पायी. वाटेवरचे नवे लोक त्यांना खात्याची कामगार समजायचे. एकदोघांनी वाटेतल्या खड्ड्यांची तक्रारही केली. त्यांनी ती वहीत लिहून घेतली आणि पुढं पाठवली.

रेघबाई चौसष्ट वर्षांच्या होत्या तेव्हा ते घडलं. एका ऑक्टोबरच्या सकाळी बावन्न वर्षांचा एक शिंपी त्याच कालव्याच्या पुलाजवळ सायकलवरून कोसळला. बरोबरच्या माणसानं फोनवर आकडा वाचून सांगितला. फाटक उघडलं. गाडी थेट त्याच्याशेजारी जाऊन थांबली. फोनपासून चौदा मिनिटं. यंत्राच्या दुसऱ्या झटक्याला हृदय चालू झालं. दहाव्या दिवशी तो आपल्या पायांनी घरी गेला.

महिन्याभरानं तो बायकोला घेऊन रेघबाईंच्या दारात आला. ड्रायव्हरनं पत्ता दिला होता. शिंप्याच्या बायकोनं रेघबाईंचे हात धरले आणि ती रडू लागली. “तुमच्यामुळं हे आहेत, ताई.” शिंपी संकोचून नुसता हसत होता. दाढी नीट केलेली, नवा शर्ट, बहुतेक स्वतःच शिवलेला. रेघबाईंनी त्यांना चहा दिला. “अजून दुखतं का छातीत?” विचारलं. “जिना चढताना सावकाश चढा,” सांगितलं. ती दोघं गेली तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते.

दार लावून रेघबाई खोलीत गेल्या आणि भर सकाळी पलंगावर आडव्या झाल्या. आयुष्यात आजाराशिवाय त्या दिवसा कधी आडव्या झाल्या नव्हत्या. तीच जागा. तसाच झटका. तेच यंत्र. आणि समोर बसून चहा प्यालेला, हसणारा माणूस. इतकी वर्षं डॉक्टरीणबाईंचं ‘कदाचित तरीही’ उशाशी ठेवून त्या झोपत आल्या होत्या. शिंप्यानं ते नकळत उचलून नेलं होतं.

ड्रायव्हरजवळ त्या हे एकदाच बोलल्या, ठाण्यावरच्या बाकावर. तोही आता निवृत्तीला आला होता.

“आजार वेगळा असतो, माणूस वेगळा असतो,” तो म्हणाला. “मास्तर वयानं मोठे होते.”

“तुम्हाला स्वतःला तसं वाटतं का?”

ड्रायव्हर रस्त्याकडं पाहात राहिला. रेघबाईंना ते पुरलं.

त्या आठवड्यात त्यांनी मास्तरीणबाईंना पत्र लिहायला घेतलं. पत्ता त्यांनी केव्हाच मिळवून ठेवला होता. ‘तुम्हाला एक गोष्ट कळायला हवी’ असं लिहिलं आणि शिंप्याची हकीकत लिहिली, चौदा मिनिटांसकट. खरं होतं, आणि खरं ते सांगायचं, हेच त्यांना आयुष्यभर माहीत होतं. मग त्यांनी पत्र वाचलं. सत्तरी ओलांडलेली एक बाई लेकीच्या घरात, खिडकीशी बसून हे वाचत असेल, असं त्यांच्या मनात आलं. तिच्याजवळही एखादं ‘कदाचित तरीही’ असेल. कदाचित तेवढंच असेल.

रेघबाईंनी पत्र फाडलं. चार तुकडे, मग आठ. पहिल्यांदाच एक खरी गोष्ट त्यांनी स्वतःजवळ ठेवली, आणि ती किती जड आहे ते त्यांचं त्यांना कळलं. मग तेलाची कुपी घेऊन, चपला घालून त्या बाहेर पडल्या. मधल्या फाटकाच्या बिजागरीत रेती जाते, आणि गेले आठ दिवस वारा फार होता.